हजर चाळीस, पिल्लं सहा

सांबप्पा उटगे आषाढातल्या एका मंगळवारी कुत्र्याचं पिल्लू चावल्याने वारले.

नाही, असं काही झालेलं नाही. बोरदऱ्याच्या आरोग्य मंदिराचे कागद काढून बघा. एकवीस जूनच्या योगसत्राला सांबप्पा नावाचा माणूस आलाच नव्हता. जो आला नाही त्याला पिल्लू चावेल कसं? आणि चावलंच नाही तर तो मरेल कशाला? तेव्हा वरचं वाक्य वाचलं नाही असं समजावं. सांबप्पा ठणठणीत आहेत. मे महिना आहे, सकाळचे साडेसात वाजलेत, आणि ते आरोग्य मंदिराच्या पायरीवर बसून योगाच्या मॅडमची वाट बघतायत.

योगाच्या मॅडम म्हणजे राजेश्री. वय सव्वीस, राहणार जिंतूर. चारठाण्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती रोज यायची. त्या आसनाला शास्त्रात नाव नाही. रोज सकाळी एक सत्र घ्यायचं, सत्राचा फोटो आणि हजेरी सरकारी पोर्टलवर चढवायची, एवढी तिची नोकरी. अडचण एकच होती. बोरदऱ्यात योगाला कुणी येत नव्हतं.

"दिसभर रानात वाकायचं, आन् सकाळी उठून आनखी फुकट वाकायचं व्हय?" असं गावातल्या चांगुणाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर राजेश्रीच्या पदविकेत नव्हतं.

मार्ग आरोग्य मंदिरातल्या बबिता सिस्टरनी दाखवला. वरच्या गल्लीतली चाळीस घरं, घरटी एक नाव, अशी यादी वर्षाच्या सुरुवातीलाच भरून टाकली.

"सत्राच्या आधीच हजेरी?" राजेश्री म्हणाली.

"लग्नाची पत्रिका आधीच छापतेत ना? तसं."

यादी एकदा भरली की बदलता येत नव्हती. पोर्टलला पश्चात्ताप मान्य नव्हता. सांबप्पा खालच्या गल्लीत राहायचे, म्हणून ते यादीत नव्हते. आणि साऱ्या गावात आपल्या पायांनी, कुणी न बोलावता, योगाला आलेला माणूस तेवढाच.

"माय," त्यांनी त्या सकाळी विचारलं, "मांडी किती दिसात बसंल?"

"कसली मांडी, आप्पा?"

"पद्मासनाची. दोन्ही पाय वर."

"गुडघे दुखतेत का?"

"दुखनं ऱ्हाऊ दे. ते जित्तेपनीचं काम हाय. मला मेल्यावर बसायचंय."

राजेश्री हसली. सांबप्पा हसले नाहीत, तेव्हा तिने हसू आवरून चटई झटकली.

सांबप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवा पुरतही नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून, मांडी घातलेल्या स्थितीत खड्ड्यात बसवतात. चैत्रात सांबप्पांचे थोरले भाऊ बाजेवर पाय पसरून झोपले ते तसेच गेले. घरच्यांना कळेपर्यंत अंग लाकूड झालं होतं. पुतण्यांनी दोन्ही बाजूंनी गुडघे दाबले.

"आवाज आला," सांबप्पा म्हणाले. "वाळल्या पऱ्हाटीवर पाय पडावा तसा. वैनी दारामागं हुती. तवापासून ती भाकर मोडताना कान झाकती. एका हातानं भाकर मोडती, एका हातानं कान. दुसरा कान तसाच उघडा ऱ्हातो बिचारीचा."

"मंग?"

"मंग काय. मला तसलं नगं. आत्ताच शिकून ठिवतो. शिकलेले गुडघे मेल्यावर बी इसरत नसतेत."

याला आधार काय, हे राजेश्रीला माहीत नव्हतं. पण तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी योगाचं कारण सांगितलं होतं, आणि ते पोट कमी करण्याचं नव्हतं. "बसंल," ती म्हणाली. "रोज आलात तर."

ते रोज आले. त्याच दिवसांत आरोग्य मंदिरामागे पाण्याच्या टाकीखाली काळी कुत्री व्याली. सहा पिल्लं. डोळे उघडताच ती चटयांवर यायला लागली, कारण उन्हात जळत नसलेली जागा तेवढीच. सांबप्पांचे गुडघे जमिनीपासून वीतभर वर राहायचे. एके दिवशी त्यांनी दोन पिल्लं उचलून उजव्या गुडघ्यावर ठेवली आणि तीन डाव्यावर, कारण डावा जास्त हट्टी होता. सहावं मांडीत झोपायचं, ते हिशोबात नव्हतं. पिल्लं रोज थोडी वाढत होती, गुडघे रोज थोडे खाली जात होते. इतकी बिनचूक पद्धत राजेश्रीने कुठल्या ग्रंथात वाचली नव्हती. तिने फोटो काढला. तिच्या फोनमधला तो पहिलाच खरा सत्राचा फोटो, म्हणून कौतुकाने कामाच्या ग्रुपवर टाकला.

चुकलं ते तिथे. तालुक्याच्या कुणा साहेबांनी फोटो पाहिला. त्यांच्या वाचनात आलं होतं की मोठ्या शहरांत लोक पैसे भरून कुत्र्याच्या पिल्लांसोबत योग करतात. बोरदऱ्यात तो फुकट चालू होता. तिसऱ्या दिवशी पत्र आलं: एकवीस जूनला योगदिनी हा नावीन्यपूर्ण उपक्रम मोठ्या प्रमाणात घ्यावा. मोठ्या प्रमाणात म्हणजे किती पिल्लं, हे पत्रात नव्हतं. काळीने सहाच दिली होती आणि ती पत्रव्यवहार करत नव्हती.

एकवीस जूनला मंडप पडला. मागे फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर सरपंच आबासाहेब पद्मासनात बसले होते, म्हणजे तोंड त्यांचं होतं, धड दुसऱ्या कुणाचं. पिल्लांना शांपूने आंघोळ घातली. त्यातलं तांबडं पिल्लू सकाळपासून सुस्त होतं, तोंडातून लाळ गळत होती.

"ह्याला काय झालंय?" राजेश्रीने विचारलं.

"शांपू गिळला आसंल," आबासाहेब म्हणाले. "फोटूत त्याला मागं धरा."

पेरणीचे दिवस. वाफसा आला होता. वरच्या गल्लीतले चाळीसच्या चाळीस लोक आपापल्या कामावर होते. पोर्टलवर मात्र ते पहाटेपासून ताडासनात उभे होते. प्रत्यक्ष मंडपात आबासाहेब, बबिता सिस्टर, बीपीची गोळी न्यायला आलेल्या चांगुणाबाई आणि सांबप्पा. आबासाहेबांनी एक पिल्लू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून फोटो काढला आणि हे कंचं आसन, असं विचारल्यावर "आशीर्वादाचं" असं सांगितलं. मग फोटो चढवायला ते आणि सिस्टर गच्चीवर गेले, कारण गावात नेटवर्क तिथेच येतं.

खाली राजेश्रीने शवासन घेतलं. "अंग सैल सोडा. मेल्यासारखं पडा. काहीही झालं तरी हलायचं न्हाई."

चांगुणाबाई खऱ्याच झोपल्या. सांबप्पा डोळे मिटून पडले. तांबडं पिल्लू लटपटत त्यांच्या उशाशी गेलं, कान हुंगला, आणि कानाची पाळी धरून झटके द्यायला लागलं. सांबप्पा हलले नाहीत. राजेश्रीने मान धरून पिल्लू ओढून काढलं, तेव्हा चटईवर रक्ताचा डाग पडला होता.

"आप्पा! हललात काहून न्हाई?"

"तूच म्हनलीस ना हलू नगं."

"चावल्यावर हलायचं आसतं!"

"मंग तसं सांगायचं."

तिने नळाखाली साबणाने कान धुतला. सांबप्पांनी वरून भस्म लावलं.

"तालुक्याला जाऊ. सुई घ्यावी लागंल."

"दुधाचे दात हायेत त्याचे. दुधाचं काय इख व्हतंय?"

तिने आणखी एकदा म्हटलं. त्यांनी आणखी एकदा नाही म्हटलं. साडेनवाची जीप निघत होती. जीप गाठायची म्हणून आपण तिसऱ्यांदा म्हटलं नाही, ही गोष्ट राजेश्रीने पुढे कुणाला सांगितली नाही; स्वतःलासुद्धा बऱ्याच उशिरा सांगितली.

सहाव्या दिवशी तांबडं पिल्लू टाकीचं सिमेंट चावत मेलं. मागोमाग आणखी एक. ढोराच्या डॉक्टरने मुंडकं तपासायला पाठवलं आणि निरोप आला: पिसाळलेलं. राहिलेली पिल्लं आणि काळी, गाडी येऊन घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी त्याच मंडपात लसीचं शिबिर लागलं. फ्लेक्स काढायला कुणाला वेळ झाला नव्हता, त्यामुळे आबासाहेबांचं तोंड अजून पद्मासनात होतं.

तालुक्याहून आलेल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "सत्राला कोण कोण हजर होतं?"

आबासाहेबांनी यादी ठेवली. चाळीस नावं.

"चाळीस लोकांना पिल्लं चावली?"

"चावली न्हाईत, साहेब. सहवास झाला."

आणि मग आबासाहेब वरच्या गल्लीत दारोदार फिरले. "सुई घ्यायची, गुमान. न्हाई म्हनाल तर हजेरी खोटी ठरंल. ही खोटी ठरली की दुसऱ्या कामाच्या हजेऱ्या बी उकरतेल. ह्या गावात खरी हजेरी एकच हाय, मसनवट्यातली."

लोक आले. ज्यांनी ते पिल्लू जन्मात पाहिलं नव्हतं त्यांनी दंड पुढे केले. पोटात चौदा सुया नसतात, दंडातच असतात आणि चारच असतात, हे कळल्यावर जरा आनंदही झाला. एकाचा भाऊ पुण्याला कामाला होता, त्याच्या बंद घराचं म्हणून यादीत नाव भावाचंही. याने दोन्ही दंडांत घेतल्या आणि भावाला फोन करून कळवलं. पुढे दुसऱ्या सुईच्या वेळेपर्यंत लोकांना आपण योगाला गेलो होतो हे आठवायला लागलं. "माझ्या घोट्याला चाटलंतं," एक जण सांगत होता. "मला तर तवाच त्याची नजर बरी वाटली न्हाई," दुसरा म्हणाला.

पण ते नंतर. पहिल्या दिवशी डॉक्टरने माईकवर सांगितलं की लक्षणं दिसायच्या आत लस घेतली तर माणूस वाचतो, लक्षणं दिसल्यावर देवही हात टेकतो, आणि अशा रोग्याच्या प्रेताला उघड्या हाताने शिवू नये. सांबप्पा मंडपाच्या मागे उभे होते. पटका कानावर ओढलेला. तीन वाक्यांतलं तिसरं तेवढं त्यांनी घरी नेलं.

राजेश्रीच्या दंडात पहिलीच सुई गेली होती. दंड चोळत ती टेबलाशी गेली.

"सर, एक माणूस हाय. त्यांना खरंच चावलंय. कानाला."

डॉक्टरचा हात थांबला. "कानाला? नाव काय?"

"सांबप्पा उटगे."

बोट यादीवरून खाली आलं, परत वर गेलं. "यादीत नाहीत."

"यादीत नाहीत. पण होते."

"म्हणजे यादी—"

आबासाहेब तिच्या मागेच उभे होते. "मॅडमला म्हनायचंय, आप्पा रस्त्यानं चाललेते. जाता जाता चावलं."

राजेश्रीने दंड पुन्हा चोळला.

डॉक्टर भला माणूस होता. "रस्त्याने जाऊ द्या नाहीतर विमानाने. कान म्हणजे मेंदूच्या शेजारी. आत्ता घेऊन या. सीरम लागेल, ते मी मागवतो. फक्त त्यांचं नाव, चाव्याची जागा, सगळं नोंदवावं लागेल."

ती पळत खालच्या गल्लीत गेली. सांबप्पा ओट्यावर मांडी घालून बसले होते. पिल्लं नव्हती, म्हणून गुडघ्यांवर दोन विटा. त्यांच्या पत्नी उमादेवी काकू आत भाकरी थापत होत्या.

"आप्पा, चला. डॉक्टर थांबलेत."

"मला कुटं काय झालंय?" आणि मग हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं: "नाव लिहितेत का तितं?"

"लिहितेत."

"मंग न्हाई यायचं. एकदा नाव लागलं की मी पुढं कशानंबी मरो, खोकल्यानं मरो, कुत्र्यानंच मेला म्हनतेल. कुनी शिवनार न्हाई. पिशवीत बांधतेल, आडवा नेतेल, जाळतेल. मी गुडघे कशाला शिकिवले?"

"सुई घेतली तर मरनारच न्हाई तुमी!"

"कधीच?"

 म्हाताऱ्याने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

"आप्पा, तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नगं, इटा पडतेल."

ती ओट्यावर बसली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा. मग तिला सुचलं. "दुसऱ्याच्या नावानं घेतली तर?"

सांबप्पांनी विचार केला. एक एक करून दोन्ही विटा खाली ठेवल्या. "दुसऱ्याच्या नावानं चालंल. मेलो तर त्यो मरंल."

दोघं मंडपात पोचले तेव्हा माणसं पांगली होती. डॉक्टर खोके बांधत होता. त्याने मान वर केली. "हेच का?"

"न्हाई, हे दुसरे," राजेश्री म्हणाली. "यादीतले. सतरा नंबर."

डॉक्टरने यादी पाहिली. "सतरा नंबर सकाळीच घेऊन गेले."

"मंग अठरा," सांबप्पा म्हणाले.

"अठराही झाले."

"कंचा ऱ्हाईलाय?"

"एकही नाही. चाळीसच्या चाळीस झाले." डॉक्टर उठून जवळ आला. "आजोबा, तुमच्यासाठी मी वेगळी ठेवलीय. तुमचं खरं नाव सांगा. आणि पटका जरा वर करा, कान बघू."

सांबप्पांनी पटका आणखी खाली ओढला. "मला कायबी झालं न्हाई," ते म्हणाले. "मी रस्त्यानं चाललोतो." आणि खरोखरच रस्त्याने चालायला लागले.

डॉक्टरने दोनदा सिस्टरला घरी पाठवलं. दोन्ही वेळा आप्पा रानात होते. राजेश्री तीन दिवस मागे लागली. चौथ्या दिवशी त्यांनी पटका काढून कान दाखवला. खपली पडली होती, खाली गुलाबी कातडी आली होती. "बघ. बरा झाला." तिला तो बरा झालेला हवा होता, म्हणून तिलाही तसंच दिसलं.

जुलैत सांबप्पांची मांडी बसली. पूर्ण, विटांशिवाय, दोन्ही पाय वर. राजेश्रीला दाखवायला ते मुद्दाम आले. तळहात उघडे ठेवून कितीतरी वेळ बसले. आधी देवळात सांगून आलो, मग इथे आलो, म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी कान खाजायला लागला.

सोमवारी उमादेवी काकू स्वतः आरोग्य मंदिरात आल्या. त्या कधी यायच्या नाहीत. "मॅडम, च्या घिईनात. पान्याचा तांब्या बघितला की अंग काढायलेत. नजर लागली म्हनावं तर ह्या वयात कोन लावनार?"

 राजेश्री गच्चीवर गेली आणि तिथून डॉक्टरला फोन लावला. सगळं सांगितलं. यादी खोटी आहे, चाळीसातला एकही नव्हता, जो होता तो यादीत नाही, त्याला शवासनात चावलं, हलू नका असं मीच म्हणाले होते. महिनाभर उशिरा, पण एका दमात. 

"गाडी पाठवतो," डॉक्टर म्हणाला. "त्रास कमी करता येईल. बाकी..." आणि नेटवर्क असूनही तो थांबला.

सांबप्पांनी गाडीला नकार दिला, तोही हातानेच, कारण शब्द घशात अडकत होते. उमादेवींना आता सगळं कळलं होतं. त्या रडल्या नाहीत. तू मला काहून सांगितलं न्हाई, असं नवऱ्याला एकदा विचारलं आणि दाराला आतून कडी घातली. मंगळवारी उजाडताना, शुद्ध होती तोवर, सांबप्पांनी भिंतीशी पाठ लावून मांडी घातली. लिंग तळहातावर घेतलं. अंगाला झटके येत होते, तोंडातून लाळ गळत होती, वाऱ्याची झुळूक आली तरी मान वळायची. मांडी सुटली नाही. उमादेवी समोर बसून होत्या. नऊच्या सुमाराला झटके थांबले.

गाडी सव्वानऊला पुन्हा आली. दोघे स्ट्रेचर घेऊन उंबऱ्यात थांबले. "आडवं करावं लागंल, आजी."

"आडवं करायचं न्हाई."

"बसलेला मानूस न्यायची सोय न्हाई आमच्यात."

"मंग नेऊ नका."

बबिता सिस्टरने हातमोजे आणून दिले. पुतण्यांनी ते घालून आंघोळ घातली, भस्म लावलं, आणि दुपारी खालच्या मळ्यात बसवलं. गुडघ्यांना कुणाला हात लावावा लागला नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत कारण लिहिलं गेलं: म्हातारपण. डॉक्टरने खरं कारण वर कळवलं, त्याला आठ दिवसांनी उत्तर आलं. सत्रातील सर्व चाळीस लाभार्थी सुरक्षित असून उपक्रम यशस्वी झाला आहे. यादीबाहेरील व्यक्तीची माहिती या कक्षाशी संबंधित नाही.

राजेश्रीने त्या उत्तराची झेरॉक्स काढली, रिकाम्या चटयांवर बसून एक अर्ज लिहिला, तीन प्रती केल्या आणि रीतसर टपालाने पाठवल्या.

"विषय: दि. २१ जून रोजीच्या योगसत्राच्या हजेरीत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर सत्रास कै. सांबप्पा उटगे, रा. बोरदरा, हे प्रत्यक्ष उपस्थित होते व त्यांनी शवासन शेवटपर्यंत न हलता पूर्ण केले. सबब त्यांची उपस्थिती मागील तारखेने नोंदवण्यात यावी. यादीतील चाळीस जणांची उपस्थिती रद्द करून त्यांना टोचण्यात आलेली लस त्यांच्या दंडांतून परत जमा करून घेण्यात यावी. आणि ती कै. सांबप्पा यांना दि. २१ जूनच्याच सकाळी, साडेनऊची जीप निघण्यापूर्वी, देण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."